एक्स्पोर्ट केलेलं फंक्शन उबंटूवर सापडत का नाही?

भाऊ, नागपूरच्या कळमना यार्डातल्या संत्र्याच्या आवकीच्या फाइली साफ करणारी तुमची स्क्रिप्ट जुन्या सेंटओएसवर नीट चालायची. तिच्यात एक्सआर्ग्ज (फाइलींची नावं कमांडला पुरवणारं साधन) 'एसएच -सी' मधून तुमचं 'साफ_कर' फंक्शन चालवतं. उबंटूवर आणल्यापासून ते 'एसएच: १: साफ_कर: नॉट फाउंड' म्हणून राहिलं आहे, आणि फंक्शन पुढच्या प्रोसेसला द्यायचं 'एक्स्पोर्ट -एफ' तर तुम्ही केलेलं आहे.

तो मेसेजच नीट वाचा. बॅश हा शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, असता तर 'कमांड नॉट फाउंड' म्हणाला असता. नुसतं 'नॉट फाउंड' म्हणतो तो डॅश, दुसरा एक शेल. सेंटओएसवर एसएच म्हणजे बॅशच. उबंटूने मात्र २००६ साली, ६.१० पासून, एसएचच्या जागी डॅश बसवला. तुमच्या ओळीतलं 'एसएच -सी' तिथेच अडतं.

फंक्शन एक्स्पोर्ट करणं ही युनिक्सची सोय नाही, बॅशची स्वतःची आहे. एन्व्हायर्नमेंट म्हणून कर्नल पुढच्या प्रोसेसला फक्त 'नाव=मजकूर' अशा ओळी देतो. म्हणून बॅश अख्खं फंक्शन मजकूर करून एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवतो, आणि पुढचा बॅश सुरू होताना ते वाचून फंक्शन पुन्हा उभं करतो. एक्स्पोर्टनंतर 'एन्व्ह' चालवून पाहा, 'बॅश_फंक_साफ_कर%%=() {' अशी ओळ दिसेल. ते टक्के सप्टेंबर २०१४ मध्ये उघड झालेल्या बॅशच्या 'शेलशॉक' या सुरक्षा-दोषानंतर आले. त्याआधी कोणत्याही व्हेरिएबलचा मजकूर '() {' ने सुरू झाला की बॅश त्याला फंक्शन समजायचा, आणि फंक्शन संपल्यावर पुढे लिहिलेल्या कमांडही चालवून टाकायचा. फार धोकादायक प्रकार होता तो.

डॅशला असं टक्केवालं नाव चालत नाही, तो ते व्हेरिएबल गाळूनच टाकतो. त्यामुळे साखळीत मध्ये कुठेही डॅश आला, तर त्याने पुढे बॅश सुरू केला तरी फंक्शन हरवलेलंच.

आता दुरुस्ती. 'एसएच -सी' चं 'बॅश -सी' करा. कोटमध्ये फक्त 'साफ_कर "$१"' ठेवा, कोटनंतर एक अंडरस्कोर आणि मग फाइलचं नाव. नाव थेट कोटच्या आत घुसवू नका. नावात स्पेस निघाली तर नाव तुटेल, आणि सेमीकोलन निघालं तर भलतीच कमांड चालेल. 'साफ_कर' आतून दुसरं फंक्शन बोलावत असेल तर तेही एक्स्पोर्ट करा. ॲरे मात्र एक्स्पोर्ट होतच नाहीत.

ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉनही डीफॉल्टने एसएचच वापरतो, आणि दुसऱ्या युजरच्या हक्काने कमांड चालवणारा सुडो डीफॉल्टने एन्व्हायर्नमेंट पुसतो. ही स्क्रिप्ट तिथूनही चालवायची असेल, तर माझं स्पष्ट मत: 'साफ_कर' ची वेगळी फाइल करा, वर बॅशची शिबँग ('#!' ने सुरू होणारी) ओळ टाका, चालवायची परवानगी द्या आणि एक्सआर्ग्जला तिचा पूर्ण पाथ द्या.