ब्रेक लागले नाहीत, की चाकं उशिरा टेकली?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ हौशी वैमानिक आहे. गेल्या महिन्यात रात्री उतरताना त्याचं चार आसनी विमान धावपट्टी संपवून पुढच्या गवतात गेलं. कुणाला खरचटलंही नाही. पण तो सारखा एकच धोशा लावतो, “ब्रेकच लागले नाहीत.” तपासणीत ब्रेक ठणठणीत निघाले. मग तो खोटं बोलतोय का?

उत्तर : नाही. त्याला तसंच वाटलं असणार. मलाही वाटलं होतं, आणि पुढे मी आयुष्यभर विमान शिकवलं!

परवाना मिळून वर्षही झालं नव्हतं. बाहेर मिट्ट काळोख, क्षितिजाचा पत्ता नाही. वेग कमी पडून विमान कोसळेल या धास्तीने थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण मागे ओढायला हात धजेना. म्हटलं, असू दे थोडा. धावपट्टीच्या तोंडाशी यायचं होतं 65 नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), आलो 75ने. दहा नॉटांनी काय होतंय? पण थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं. म्हणजे जवळपास एकतृतीयांश जागा जास्त. त्यात जमिनीलगत पंखांना जादा आधार मिळतो, त्यामुळे वेगात आलेलं विमान नुसतं तरंगत राहतं, टेकायचं नाव घेत नाही. त्या वेगात दर सेकंदाला सव्वाशे फूट धावपट्टी मागे पडते. मी पाच-सहा सेकंद तरंगलो. आणि गंमत म्हणजे (तेव्हा गंमत वाटली नव्हती) मला ते कळलंच नाही. दिवसा कडेचं गवत सरसर मागे पळताना दिसतं, रात्री ते नसतं.

टेकल्यावर ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. पण तेवढ्या वेगात पंख अजून वजन उचलून धरतात, चाकांवर भार येत नाही आणि टायर नुसते घसरतात. धावपट्टी ओली असेल तर विचारूच नका. पायाखाली ब्रेक असून नसल्यासारखे वाटतात ते यामुळे. शेवटच्या लाल दिव्यांच्या दहा पावलं अलीकडे थांबलो.

उंचीचंही तसंच. हवेतून तीन अंशांच्या उतरत्या वाटेने येताना दर 10 फूट जादा उंचीमागे चाकं साधारण 200 फूट पुढे टेकतात. त्यासाठी बऱ्याच धावपट्ट्यांच्या कडेला ‘पापी’ नावाचे चार दिवे असतात (नाव तेवढं वाईट). दोन पांढरे, दोन लाल म्हणजे ठीक. चारही पांढरे म्हणजे तुम्ही फार वर आहात. वारा पाठीमागून असेल तर आणखी भर.

तेव्हापासून मी कडेचे दिवे मोजतो. दोन दिव्यांत बहुधा 60 मीटर, साध्या धावपट्टीवर कधी 100. उतरण्याआधीच ठरवायचं : अमुक दिव्यापर्यंत चाकं टेकली नाहीत, तर पूर्ण थ्रॉटल देऊन पुन्हा वर. तरंगत असताना हा निर्णय घ्यायला बसलात तर मन म्हणतं, टेकेलच आता.

भावाला एवढंच विचारा, चाकं कितव्या दिव्यापाशी टेकली? सांगता आलं नाही, तर प्रशिक्षकाला शेजारी बसवून रात्रीच्या आठ-दहा लँडिंग करू देत. ब्रेकचा विषय मात्र तुम्ही काढू नका, चिडेल.