उत्क्रांती शिकली तर मुलगी देवळात येईल का?

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. थोरली मुलगी अकरावी सायन्सला आहे, गणित सोडून पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेतलंय. तिला मेडिकल नको, उत्क्रांतीचा अभ्यास करायचाय. एका नातेवाइकाने व्हिडिओ पाठवला : पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, डार्विन मानणारा ख्रिस्ती असूच शकत नाही. मुलगी हसली, तिची आई रडली. या लाइनला घातलं तर पोर श्रद्धेपासून तुटेल का? आणि पुढे पोट भरेल का?

उत्तर : सगळ्यात आधी हे सांगतो, व्हिडिओतलं म्हणणं तुमच्या धर्मसभेचं नाही. मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चा करायला पोप बारावे पायस यांनी १९५० मध्येच मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट देव निर्माण करतो, ही शिकवण कायम ठेवली. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तर उत्क्रांती आता नुसतं गृहीतक राहिलेली नाही, असं मान्य केलं. सहा हजारांचा हिशोब बायबलमधल्या वंशावळींवरून मांडलेला आहे. तो अक्षरशः मानणारे ख्रिस्ती जगात आहेत आणि त्यांच्या वाचनाचं जीवशास्त्राशी खरोखरच जमत नाही, हे मी झाकणार नाही. पण तो वाद तुमच्या घरात कशाला हवा?

एखाद्या दिवशी चर्चगेट लोकल पकडा आणि आधी परवानगी विचारून मुलीला सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम दाखवा. वाळवून कागदावर लावलेल्या वनस्पती, सोबत झाडाचं नाव, ठिकाण, तारीख आणि कुणी गोळा केलं ते. ज्यांचं नाव या संग्रहाला आहे, ते एथेलबर्ट ब्लॅटर स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू. त्यांच्यानंतरचे फादर सांतापाव स्पेनचे. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये आला. पुढच्याच वर्षी त्यांच्याकडे बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाची धुरा आली, १९६७ मध्ये पद्मश्री मिळाली. देवळात मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, अर्पण करणारे हेच हात भिंगाखाली फुलांचे पुंकेसर मोजत होते. तुमच्या पत्नीने ते कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघावेत, असं मला मनापासून वाटतं.

उद्या कुणी तुमच्या पत्नीला धीर द्यायला म्हणेल, ‘विज्ञानानेच बायबल सिद्ध केलंय.’ त्यालाही भुलू नका. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. प्रसरण पावणाऱ्या विश्वाला कधीतरी आरंभ असणार, असा त्याचा अर्थ निघतो. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाच्या या शोधात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचलं नाही. आपला सिद्धांत देवाच्या प्रश्नाबाहेरचा आहे, तो नास्तिकही मानू शकतो, अशी त्यांची भूमिका होती. मला ती फार मोलाची वाटते. सिद्धांत बदलतात, श्रद्धा त्यांच्या आधारावर उभी केली तर त्यांच्याबरोबर तीही डळमळते.

मुलगी पुढे देवळात येईलच, असं मी लिहून देऊ शकत नाही. बँकेत लागलेली मुलंसुद्धा जायची थांबतात. एक मात्र सांगतो : हा अभ्यास करताना तिला एक अवघड प्रश्न नक्की पडेल. उत्क्रांतीच्या वाटेवर उपासमार आहे, मरण आहे, कायमच्या नष्ट झालेल्या कितीतरी जाती आहेत. दयाळू देवाने हीच वाट का निवडली? पृथ्वीच्या वयापेक्षा हा प्रश्न कितीतरी खोल आहे आणि श्रद्धावंत शास्त्रज्ञांनाही तो सुटलेला नाही. तो तिने घरात विचारला तर गप्प बसवू नका, जाणत्या फादरांकडे घेऊन जा. ‘देव की डार्विन, एक काय ते ठरव’ असं घरच्यांनी म्हटलं की मुलं ठरवतात, आणि मग घरी बोलणं बंद करतात. पोरीलाही माझा निरोप द्या : आईला हसू नकोस. सजीव कसे बदलत गेले ते डार्विन सांगतो. आजी गेल्यावर प्रार्थना का करावीशी वाटते, हे आईला विचार.

आता पोटाचं. मला खरी काळजी तिने सोडलेल्या गणिताची आहे. आजची उत्क्रांती म्हणजे जनुकांची प्रचंड माहिती आणि संख्याशास्त्र. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे आयएटीमध्ये, ६० प्रश्न असतात आणि त्यातले १५ गणिताचे. पुण्याच्या आयसरमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर एकत्र असा, अभ्यासक्रम आहे. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईतलं सीईबीएस या अशाच विज्ञान संस्थांसाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा. नाहीच जमलं तर झेवियर्ससारख्या कॉलेजातून बीएस्सी करूनही या वाटेला लागता येतं. त्यानंतर पीएचडीची साधारण पाच वर्षं. त्या काळात फेलोशिप मिळते, पण कायमची नोकरी बहुधा तिशीच्या आसपास. घराचा हप्ता किंवा धाकट्याचं शिक्षण तिच्या पगारावर अवलंबून असेल तर तिला आजच मोकळेपणी सांगा, तिलाही तिचा हिशोब मांडता येईल. आणि या आठवड्यात कॉलेजात जाऊन गणित परत घेता येतं का ते विचारा. मुदत गेली असेल तर एनसीईआरटीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं आणून घरी रोज तासभर बसवा.