२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे कॉम्प्युटरशिवाय दाखवता येतं का?

येतं. ऑयलर या गणितज्ञानं ते करून दाखवलं आणि १७७२ साली ते छापून आलं. त्या सुमारास त्याची नजर जवळपास गेलेली होती. पुढची कित्येक दशकं ही माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

साधा हिशोब केला तर वर्गमूळ ४६,३४१ च्या जरा आत येतं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं, म्हणजे चार हजारांहून जास्त भागाकार. पण ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

मी दारव्हा तालुक्यात शिकवतो. पोरांना हे बाजारावरून सांगतो. आज आपल्या गावचा बाजार आहे आणि अमुक दिवसांनीही बाजारच असेल, तर तो आकडा ७ च्या पटीतला. आता समजा, क ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. २ चे घात घेत जा आणि प्रत्येकाला क नं भागून बाकी लिहा. बाकी १ दर ३१ पावलांनी येते, मधे नाही, कारण ३१ स्वतः मूळ आहे. फर्मा या गणितज्ञाचा नियम सांगतो की क वजा १ पावलांनीही बाकी १ च येणार. म्हणजे क वजा १ हा ३१ च्या पटीत, आणि क विषम असल्यानं ६२ च्या पटीत.

गेल्या वर्षी याच रीतीनं फळ्यावर २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७ घेतली होती. ११ मूळ आहे, म्हणून २०४७ पण मूळच असेल असं सगळ्यांना वाटलं. तिथं भाजक २२ च्या पटीत एक जास्त असा हवा. मागच्या बाकावरची एक पोट्टी उठून म्हणाली, "सर, तेवीसनं जाते ना हे!" २३ गुणिले ८९. तिच्या वहीत भागाकार एकच होता. मला फार आनंद झाला.

ऑयलरनं अजून एक गाळणी लावली. २ चा ३२ वा घात क नं भागला तर बाकी २ उरते, म्हणजे क च्या हिशोबात २ हा २ च्याच १६ व्या घाताचा वर्ग झाला. असं तेव्हाच होतं जेव्हा क ला ८ नं भागून बाकी १ किंवा ७ येते. दोन्ही अटी जुळवल्या की भाजक २४८ च्या पटीत १ जास्त किंवा ६३ जास्त, एवढेच उरतात. ४६,३४१ च्या आत असे फक्त ३७३ आकडे आहेत, आणि त्यातलेही बरेच मूळ नाहीत.

स्वतः करून पाहायचं असेल तर ३११ पासून सुरू करा. बाकी ३५ उरते. त्यानंतरचा मूळ उमेदवार थेट १३०३.