ट्रॅव्हल ट्रेलरच्या छतावरचा एसी स्वतः बदलता येतो का?

तुम्ही लिहिलंय की जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) छतावरचा एसी चालू होतो पण गार करत नाही, पाऊस झाला की त्याच्या कडेने छताला डाग पडतो, आणि नवा एसी आणून स्वतःच बसवावा का. बसवता येतो. मी दोनदा बसवलाय, एकदा आमच्या ट्रेलरवर आणि एकदा मित्राच्या. एसी म्हणाल तर चार बोल्टांवर उभा असतो. काम वाढतं ते त्याच्या खालच्या भोकात आणि तापमान पाहून एसी चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटच्या बारीक वायरींमध्ये. पहिल्या वेळी मी या दोन्ही ठिकाणी चुकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एसी खरंच गेलाय का ते बघा. तो पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. मग आत ओढल्या जाणाऱ्या हवेचं तापमान जाळीपाशी मोजा आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं एसीच्या सगळ्यात जवळच्या झरोक्यापाशी. दोन्हींत साधारण १६ ते २२ अंश फॅरेनहाइटचा, म्हणजे ९ ते १२ अंश सेल्सिअसचा फरक असेल तर एसी त्याचं काम करतोय. दमट हवेत हा फरक थोडा कमी येतो. इतका फरक असूनही ट्रेलर तापत असेल, तर गार हवा वाटेत कुठेतरी हरवते आहे किंवा ऊन आत येतंय. एसी बदलून ते थांबणार नाही.

फरक कमी आला तर फिल्टर आणि दोन्ही कॉइल (नळ्या आणि पातळ पत्र्यांच्या जाळ्या, एक आतल्या आणि एक बाहेरच्या हवेसाठी) बघा. छतावरच्या कॉइलवर धूळ आणि पालापाचोळ्याचा थर इतका जमतो की पत्र्याच्या पापुद्र्यांमधून पलीकडचं दिसत नाही. कॉम्प्रेसर घुंऽ करून लगेच बंद पडत असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे त्याला सुरू व्हायला विजेचा जोर देणारा भाग, गेलेला असतो आणि तो छोटासा भाग बदलला की काम होतं. मात्र वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो. तो डिस्चार्ज कसा करायचा हे माहीत नसेल तर त्याला हात लावू नका. व्होल्टेजही तपासा. उत्तर अमेरिकेतल्या ट्रेलरचा एसी १२० व्होल्टवर चालतो, आणि लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरीवर तो चालवला की व्होल्टेज १०५च्याही खाली जाऊ शकतं. अशा विजेवर चालून कॉम्प्रेसर मरतो, आणि नवा आणलात तर तोही तसाच जाईल. एसीतला गार करणारा गॅस गळला असेल तर गोष्ट वेगळी. हे एसी कारखान्यातच सीलबंद होतात, गॅस भरायला व्हॉल्व्ह सहसा दिलेलाच नसतो. तेव्हा बदलणंच बरं.

तुमच्या प्रश्नात मला जास्त काळजी वाटली ती त्या डागाची. कोरड्या दिवशी एसी चालू असताना पाणी ठिबकत असेल तर ते कॉइलवर साचलेलं पाणी. त्याची वाट तुंबलेली असते. पण तुम्ही पावसानंतर म्हणताय, म्हणजे गॅस्केट. एसी आणि छत यांच्यामध्ये फोमची एक जाड चौकोनी पट्टी असते, तिलाच गॅस्केट म्हणतात. वर्षानुवर्षं दबून ती चपटी होते, बोल्ट सैल पडतात आणि पाणी आत शिरतं.

आतल्या बाजूचं प्लॅस्टिकचं झाकण काढा, टॉर्च लावा आणि भोकाच्या चारही कडांचं लाकूड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. हे भोक सगळीकडे जवळपास एकाच मापाचं असतं, १४.२५ इंच चौरस. आमच्या ट्रेलरमध्ये तीन कोपरे ठणठणीत होते. चौथ्या कोपऱ्यात वरून लाकूड थोडंसं काळं दिसत होतं, एवढंच. टोक टेकवलं आणि ते भिजलेल्या पुठ्ठ्यात जावं तसं मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तर टोकाला ओला भुसा आणि कुबट वास. छताला खालून दिसत होता तो फक्त तिथून हातभर अंतरावरचा, रुपयाएवढा एक पिवळा डाग! तेव्हा डागाच्या आकारावरून अंदाज बांधू नका, टोचूनच बघा. लाकूड कुजलेलं असेल तर तेवढा भाग कापून नवी चौकट बसवायची आणि मगच एसी ठेवायचा. बोल्ट आवळले की वरचा एसी आणि खालची लोखंडी चौकट छताला चिमट्यासारखी धरतात. मधे भक्कम लाकूड नसेल तर छतच दबतं आणि त्या खोलगट जागेत पाणी साचत राहतं.

आता कोणता घ्यायचा? बाजारात मुख्यतः १३,५०० आणि १५,००० बीटीयूचे (बीटीयू म्हणजे गार करण्याची ताकद मोजायचं माप) मिळतात. घरच्या एसीचा एक टन म्हणजे १२,००० बीटीयू, त्यावरून अंदाज येईल. तुमच्या ट्रेलरला ३० अँपिअरचा पुरवठा असेल तर हातात ३,६०० वॉट आहेत आणि त्यातले १३ ते १६ अँपिअर एकटा एसी खातो. सोबत मायक्रोवेव्ह आणि विजेवरचा वॉटर हीटर लावला की ब्रेकर पडणारच. माझं मत विचाराल तर आधी होता तेवढ्याच ताकदीचा घ्या आणि उरलेला उत्साह डक्टच्या, म्हणजे छतातून झरोक्यांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ वाटेच्या, फटी बुजवण्यात घाला. जनरेटरवर चालवणार असाल तर कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर जरूर लावून घ्या. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा क्षणभराचा धक्का चालू विजेच्या कितीतरी पट असतो, आणि लहान जनरेटर तिथेच गुदमरतो. नव्या एसीची उंचीही जुन्याशी ताडून बघा. उंच निघाला तर ट्रेलरची एकूण उंची पुन्हा मोजा आणि ती गाडीत चालकाला दिसेल अशी लिहून ठेवा.

याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचा एसी डक्टवाला आहे की आतल्या झाकणातूनच हवा सोडणारा, आणि तो थर्मोस्टॅटशी कसा बोलतो. काहींत साध्या १२ व्होल्टच्या चार-पाच वायरी असतात, काहींत टेलिफोनसारखी केबल. डोमेटिक कंपनीचा कंट्रोल बॉक्स (वायरी जिथे जोडतात तो डबा) कोलमन-मॅक कंपनीच्या थर्मोस्टॅटवर तसाच चालत नाही, आणि एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या पिढ्यांचंही जुळेल असं नाही. म्हणून त्याच कंपनीचा, जुळणारा घेणं सोपं पडतं. नाहीतर एसी, कंट्रोल बॉक्स आणि थर्मोस्टॅट असा पूर्ण संच बदलावा लागतो.

माझी पहिली चूक इथली. वायरी सोडवण्याआधी मी फोटो काढले, पण १२० व्होल्टच्या तीन वायरींचेच. बारीक वायरींमधल्या दोन निळ्या मी टेप गुंडाळून बाजूला ठेवल्या, कारण नव्या एसीच्या कागदावर त्यांची जागा सापडेना. उन्हाळा मजेत गेला. थंडीची पहिली रात्र आली आणि फर्नेस, म्हणजे ट्रेलरचा गॅसवरचा हीटर, पेटेना. पहाटे तीनला मुलं स्वेटरवर स्वेटर घालून बसलेली, आणि मी गॅसची टाकी तपासतोय, फ्यूज तपासतोय. अनेक ट्रेलरमध्ये एकच थर्मोस्टॅट एसी आणि फर्नेस दोन्ही चालवतो आणि फर्नेसच्या वायरी एसीच्या कंट्रोल बॉक्समधूनच पुढे जातात, हे मला त्या रात्री कळलं. तेव्हा प्रत्येक वायरीवर चिठ्ठी लावा, कुठून निघाली आणि कुठे गेली ते लिहा, आणि फोटो असा काढा की रंग आणि जागा दोन्ही दिसतील. एसी भर उन्हाळ्यात बसवलात तरी त्याच दिवशी फर्नेसही एकदा पेटवून बघा.

काम सुरू करताना बाहेरचा प्लग काढा, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करा, बॅटरीही सोडवा आणि मीटर लावून वायरी खरोखर मेलेल्या आहेत याची खात्री करा. नुसत्या ब्रेकरवर विसंबू नका. आतून चार बोल्ट काढले तरी एसी खाली पडत नाही, तो वर छतावर बसलेला असतो. जुनं गॅस्केट चिकटलेलं असतं, ते कड उचलून हळूहळू सोडवा. वजन ३५ ते ४५ किलो भरतं. एकट्याने शिडीवरून उतरवायचा विचार मनातही आणू नका. आम्ही दोन फळ्या शिडीला बांधून घसरगुंडी केली. वर दोघं दोरी धरून आणि खाली एकजण, पण भाराच्या रेषेपासून बाजूला. लोडर किंवा फोर्कलिफ्ट मिळाला तर फारच उत्तम. छतावर चालताना आडव्या तुळयांवर पाय ठेवा, आणि प्लायवूडचा एक तुकडा अंथरला की वजन पसरतं.

मग जागा साफ करायची. छत ईपीडीएम रबराचं असेल तर पेट्रोल, थिनर असलं काही वापरू नका. रबर फुगतं आणि सुटतं. प्लॅस्टिकची खरवडणी, साबण आणि पाणी पुरतं.

दुसरी चूक गॅस्केटची. गळतीचा धसका घेतलेला, म्हणून मी नव्या गॅस्केटला वरून-खालून भरपूर सीलंट फासलं. छतावरच्या बाकी झरोक्यांना आणि पाइपांना सीलंट लागतंच, म्हणून इथेही लागेल असं वाटलं होतं. पण हे गॅस्केट कोरडंच बसवायचं असतं. ते दाबानेच पाणी अडवतं. सीलंट वाळून घट्ट झालं की पुढे बोल्ट आवळले तरी गॅस्केट सारखं दबत नाही, आणि आत शिरलेलं थोडंसं पाणीही तिथेच अडकून लाकूड कुजवतं. सहा महिन्यांनी मी तो एसी पुन्हा उचलला आणि दीड दिवस नुसतं ते सीलंट खरवडत बसलो.

नवा एसी भोकाजवळ आणून उचलून ठेवा, सरकवू नका. एसीच्या बुडाला लावलेलं गॅस्केट सरकवताना फाटतं आणि वरून दिसतही नाही. तोंड ट्रेलरच्या पुढच्या बाजूला हवं. एकाने आतून बघत राहायचं, चारही कडांना गॅस्केट सारखं दिसलं पाहिजे. मग बोल्ट कर्णरेषेत, थोडे थोडे आवळा. गॅस्केट साधारण निम्म्या जाडीवर, म्हणजे अर्ध्या इंचाच्या आसपास आलं की थांबा. बहुतेक कंपन्या ४० ते ५० इंच-पाउंड टॉर्क (आवळण्याचा जोर) सांगतात. हे हाताला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी असतं, म्हणून टॉर्क रेंच वापरा. पॉवर ड्रिलने तर आवळूच नका.

डक्टवाल्या एसीत गार हवा जायची बाजू आणि आतली हवा ओढायची बाजू यांच्यामध्ये एक पडदा असतो. तो नीट बसला नाही तर गार हवा लगेच परत एसीतच ओढली जाते, आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि ट्रेलर गरमच राहतो. सगळ्या सांध्यांना धातूची फॉइल टेप लावा. कापडी टेप काही महिन्यांत सुटते. मित्राच्या ट्रेलरला तर कारखान्यातूनच दोन बोटं जाईल एवढी फट होती. ती बुजवल्यावर शेवटच्या झरोक्यातली हवा चेहऱ्याला लागायला लागली.

वायरी जोडताना १२० व्होल्टच्या मुख्य वायरीला क्लॅम्प लावा, म्हणजे प्रवासातल्या हादऱ्यांनी ती सांध्यातून ओढली जाणार नाही. या एसीला सहसा २० अँपिअरचा ब्रेकर आणि १२ गेजची तांब्याची वायर असते; तुमची तेवढी आहे ना, ते बघा. विजेच्या जोडणीची सवय नसेल तर एवढा भाग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बाकी सगळं तुम्ही केलंत तरी चालेल.

सुरू करताना आधी नुसता पंखा, मग कूलिंग. कॉम्प्रेसर बंद झाला तर पुन्हा लावण्याआधी चार-पाच मिनिटं जाऊ द्या, आतला दाब समान व्हावा लागतो. दुसऱ्या दिवशी एसीच्या बुडाभोवती सावकाश पाणी ओता, झाकणाच्या आत नाही, आणि आतून टॉर्चने कडा बघा. पहिल्या मोठ्या प्रवासानंतर बोल्ट पुन्हा तपासा, आणि मग दर वर्षी एकदा. जुना एसी कापू किंवा भंगारात फेकू नका, आतला गॅस हवेत सोडायचा नसतो. तो काढून घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्या.

तुम्ही मात्र नवा एसी मागवायच्या आधी ते झाकण काढून चारही कोपरे टोचा. जुने बोल्ट सैल निघाले आणि लाकूड टणक असेल, तर तूर्त बोल्ट मापात आवळून एक पाऊस जाऊ द्या, गळती तेवढ्यानेही थांबू शकते. एखादा कोपरा मऊ लागला तर कोणत्या बाजूचा आणि टोक किती आत गेलं ते खाली लिहा. चौकट कशी बसवायची ते मग मापासकट सांगतो.