छत्तिसाव्या वर्षी टीम बदलायची का?

एका व्यावसायिक सायकलपटूचं पत्र आलं आहे. वय 36, चौदावा सीझन, काम डोमेस्टिकचं, म्हणजे कप्तानासाठी राबणाऱ्या रायडरचं. सध्याची वर्ल्डटूर टीम, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीतली, आणखी एका वर्षाचा करार द्यायला तयार आहे: पगारी नोकर म्हणून 1 लाख 80 हजार युरो. दुसरीकडे एका प्रोटीमने, म्हणजे त्याखालच्या श्रेणीतल्या टीमने, दोन वर्षं देऊ केली आहेत. तिथे स्वयंरोजगार तत्त्वावर वर्षाला 1 लाख 40 हजार, वर 40 हजारांपर्यंत बोनस. शिवाय 'निवृत्तीनंतर तुला स्पोर्ट डिरेक्टर करू' असं तिथल्या मॅनेजरने तोंडी सांगितलं आहे; म्हणजे रेसमध्ये मागच्या गाडीतून टीम चालवणारा. बचत 3 लाख 10 हजार, घराच्या हप्त्यासकट महिन्याचा खर्च 6 हजार, दोन मुलं शाळेत. एजंटचं म्हणणं: 'वर्षाला पैसे तेवढेच, वर्षं दुप्पट, सही कर.'

नमस्कार,

तुमच्या एजंटने बेरीज बरोबर केली आहे, पण दोन वेगळ्या प्रकारच्या रकमा एकाच मापाने मोजल्या आहेत. पगारी नोकराला पगाराखेरीज सामाजिक सुरक्षेची वर्गणी मिळते. पेन्शन, आरोग्य आणि अनेक देशांत बेकारी भत्ता तिच्यातूनच येतो, आणि तिचा मोठा हिस्सा टीम भरते. स्वयंरोजगार करारात हे सगळं तुमच्या खिशातून जातं. तुमच्या खेळात हा फरक कागदावर मान्य केलेला आहे. वर्ल्डटूर टीमसाठी 2023 सालचं किमान वेतन पाहा: पगारी रायडरला 40,045 युरो, स्वयंरोजगार रायडरला 65,673. म्हणजे 164 टक्के.

हेच माप लावलं तर प्रोटीमचे 1 लाख 40 हजार पगारी हिशेबात साधारण 85 हजार होतात, आणि दोन वर्षांचे मिळून 1 लाख 71 हजार. सध्याची टीम एका वर्षात 1 लाख 80 हजार देते आहे. हे प्रमाण किमान वेतनासाठी ठरवलेलं आहे. मोठ्या पगारावर अनेक ठिकाणी वर्गणीला कमाल मर्यादा असते, त्यामुळे तुमच्या बाबतीत तफावत थोडी कमी भरेल. जिथे तुम्ही कर भरता तिथल्या अकाउंटंटकडून नेमका आकडा काढून घ्या. पण 'वर्षं दुप्पट, पैसे दुप्पट' हे चित्र त्यातूनही उरणार नाही. आज आहे त्या स्वरूपात नवी ऑफर म्हणजे जवळपास तेवढ्याच पैशांसाठी एक वर्ष जास्त सायकल हाणणं.

बोनस मी या हिशेबात धरलाच नाही, आणि तुम्हीही धरू नका. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात तो पहिल्या दहातल्या निकालांवर आणि यूसीआय (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना) देते त्या पॉइंट्सवर बांधलेला आहे. तुमचा रेसचा दिवस कसा जातो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. टीमच्या गाडीपर्यंत मागे यायचं, जर्सीत कोंबून बाटल्या पुढे न्यायच्या, शंभर-दीडशे किलोमीटर कप्तानासाठी वारा अंगावर घ्यायचा, आणि शेवटच्या चढाला बाजूला होऊन मिनिटं गमावत वर पोचायचं. पॉइंट्स मिळतात ते ज्याला तुम्ही तिथवर आणून सोडलं त्याला. प्रोटीमना पॉइंट्सची गरज तर आणखी जास्त असते, कारण मोठ्या रेसची आमंत्रणं आणि वर्ल्डटूरमध्ये वर जाण्याची संधी त्यांच्यावरच ठरते. म्हणजे टीमला जे हवं आहे त्यासाठी तुम्ही राबणार, आणि ते साध्य झाल्याचा मोबदला तुमच्या करारात कुठेच नाही. हे मला मनापासून खटकलं. बोनस ठेवायचाच असेल तर तो कप्तानाच्या किंवा टीमच्या निकालाला जोडून मागा, नाहीतर त्यातले 25 हजार सरळ ठरीव रकमेत घालायला सांगा. बक्षिसांवर भिस्त ठेवू नका. टूर द फ्रान्सचा एक टप्पा जिंकला तर 11 हजार युरो मिळतात, आणि तेही रायडर आणि स्टाफमध्ये वाटले जातात.

आता दुसरं वर्ष. कागदावर ते पक्कं दिसतं. पण सायकलिंगच्या टीमला ना स्टेडियमचं उत्पन्न असतं ना तिकिटविक्रीचं. प्रायोजक गेला की टीमच जाते. 2022 च्या डिसेंबरमध्ये बी अँड बी हॉटेल्स ही फ्रेंच प्रोटीम बंद पडली तेव्हा रायडरांच्या हातात नवी जागा शोधायला जेमतेम काही आठवडे होते. नामांकित ब्रिटिश स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश त्याच टीममध्ये जाण्याच्या बेतात होता. त्याला जानेवारीत अस्ताना या टीमने घेतलं आणि पुढे 2024 मध्ये, 39 व्या वर्षी, त्याने टूरमधला विक्रमी 35 वा टप्पा जिंकला. पण त्याच्या नावाला दार उघडणारे होते. डिसेंबरमध्ये डोमेस्टिकसाठी कुणी जागा राखून ठेवत नाही. आणि वर्ल्डटूरमध्ये असलेली टीम सुरक्षित असंही नाही: आर्केआ ही टीम 2025 च्या अखेरीस मिटली. टीमला बँक गॅरंटी द्यावी लागते खरी, पण ती अख्ख्या कराराची भरपाई करत नाही, काही महिन्यांचा पगार निघाला तरी पुष्कळ. म्हणून प्रोटीमच्या मॅनेजरला एक प्रश्न लेखी विचारा: मुख्य प्रायोजकाचा करार कोणत्या तारखेपर्यंत आहे? तो तुमच्या पहिल्या वर्षाअखेर संपत असेल तर तुमच्या हातात प्रत्यक्षात एकाच वर्षाची ऑफर आहे.

एका वर्षाच्या कराराला घाबरू नका असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल आणि बेल्जियन सायकलपटू फिलिप जिल्बेअरचं उदाहरण देईल. तो 34 व्या वर्षी टीम बदलून क्विक-स्टेपमध्ये गेला, 2017 मध्ये फ्लँडर्स आणि अॅमस्टेल गोल्ड या मोठ्या एकदिवसीय रेस जिंकला, 2019 मध्ये पारी-रूबे, आणि मग 37 व्या वर्षी लोत्तो टीमकडून तीन वर्षांचा करार मिळवला. पण त्याच्याकडे दाखवायला विजय होते. तुमचं काम निकालपत्रकात दिसत नाही. ते ओळखणारे लोक टीमच्या आतच असतात, त्यामुळे पुढच्या वर्षीचा बाजार तुमच्यासाठी वाढेल असं मी धरणार नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती मॅनेजरने जाता जाता म्हटलेली स्पोर्ट डिरेक्टरची गोष्ट. आजच्या खर्चाने तुमची बचत चार वर्षांपेक्षा थोडी जास्त पुरेल. तेव्हा तुम्ही चाळिशीच्या आसपास असाल आणि मुलं अजून शिकत असतील. एका सीझनचे वीस-तीस हजार इकडेतिकडे झाल्याने त्या चित्रात फार फरक पडत नाही. गाडीत बसून टीम चालवण्याची नोकरी मात्र ते चित्र पालटून टाकते. पण तोंडी शब्दाची किंमत आज शून्य धरायची. मॅनेजरच्या हेतूवर मला शंका नाही, पण तो स्वतःच दोन वर्षांनी तिथे असेल का, हे त्याच्या हातात नाही.

तेव्हा माझं मत असं: नव्या टीममध्ये जा, पण या कागदावर नाही. ठरीव रक्कम 1 लाख 65 हजार करून घ्या किंवा पगारी करार मागा. स्पोर्ट डिरेक्टरच्या कामाचा वेगळा लेखी करार घ्या, त्यात सुरुवातीची तारीख, पगार, आणि स्वित्झर्लंडमध्ये एगलला यूसीआयच्या केंद्रात होणाऱ्या स्पोर्ट डिरेक्टरच्या कोर्सचा खर्च कोण देणार हे असू द्या. आणि दुखापतीत पैसे किती महिने व किती प्रमाणात चालू राहतील हे स्पष्ट लिहून घ्या. छत्तिसाव्या वर्षी मोडलेलं कॉलरबोन पंचविशीसारखं पटकन सांधत नाही. स्वयंरोजगारच राहिलात तर उत्पन्न-संरक्षणाचा विमा सही करण्याआधी उतरवा, आणि त्याचा हप्ता वाटाघाटीत मांडा.

एजंटबद्दल एकच. त्याचं कमिशन कराराच्या एकूण रकमेवर असेल तर दोन वर्षांचा कागद त्याच्या फायद्याचा आहे. तो तुमचं वाईट चिंततो असं नाही, पण वरचा 164 टक्क्यांचा हिशेब त्याच्यासमोर ठेवा आणि त्यावर त्याचं उत्तर ऐका.

घराचं कर्ज बचतीतून आत्ताच फेडून टाकायचा विचार तुम्ही लिहिला आहे. तो थांबवा. टीम बंद पडली किंवा हाड मोडलं तर हाताशी रोख लागेल, भिंतीत अडकलेला पैसा त्या महिन्यात कामाला येत नाही. किमान दीड वर्षाचा खर्च, म्हणजे 1 लाख 8 हजार, कुठल्याही गुंतवणुकीत न घालता बाजूला ठेवा.

नवे करार 1 ऑगस्टपासून जाहीर होतात, त्यामुळे जुलै हातात आहे. सध्याच्या टीमला उत्तरासाठी मुदत मागा, बहुतेक देतात. प्रोटीमने डिरेक्टरचा करार लेखी द्यायला नकार दिला तर जिथे आहात तिथेच एक वर्षाची सही करा, आणि एगलच्या कोर्ससाठी येत्या हिवाळ्यात स्वतःच्या पैशाने नाव घाला.