कानाला ऐकू येते ते आणि चरित्रातून कळते ते

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची आवडत्या जॅझ ध्वनिमुद्रणांची यादी मिळाली. निवड चोखंदळ आहे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. माझा आक्षेप आहे तो प्रत्येक नावाखाली तू लिहिलेल्या टिपणावर. ‘यात युद्धाची वेदना ऐकू येते’ हे वाक्य थोड्याफार फरकाने सगळीकडे आले आहे, आणि मला शंका आहे की त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ती वेदना तुझ्या कानाला ऐकू आलेली नसून वादकाचे चरित्र वाचून तुला ठाऊक झालेली आहे. दुसऱ्यांना संगीत ऐकवायला निघालेल्या माणसाने हा फरक काटेकोरपणे सांभाळला पाहिजे. युद्ध माणसात जे मागे ठेवून जाते ते फार क्वचित हुंदक्याच्या रूपाने बाहेर येते, आणि आपण हुंदकाच शोधत बसलो तर जे खरोखर तिथे आहे ते निसटून जाते.

लेस्टर यंगचेच घे. १९४४ मध्ये त्याला सक्तीने सैन्यात भरती करण्यात आले, आणि आपल्या काळातल्या थोर सॅक्सोफोनवादकांपैकी एक असलेल्या या माणसाला लष्करी वाद्यवृंदात न घेता साध्या शिपायाच्या कवायतीला लावले गेले. १९४५ च्या आरंभी अमली पदार्थ बाळगल्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्याला एका वर्षाची शिक्षा सुनावली, ती त्याने जॉर्जियातील लष्करी बंदिवासात भोगली आणि नंतर त्याला बडतर्फ करण्यात आले. रणांगण त्याने कधी पाहिलेच नाही. सुटकेनंतर लगेचच्या काळात त्याने ‘डी. बी. ब्लूज’ वाजवले, आणि त्या नावातली आद्याक्षरे ‘डिटेन्शन बॅरॅक्स’ची, म्हणजे त्याच बंदिवासाची आहेत. तुझ्या टिपणात या तुकड्याला ‘शोकगीत’ म्हटले आहे. आता नाव विसरून तो पुन्हा ऐक. चाल खेळकर आहे, ठेका उड्या मारत पुढे जातो, आणि ब्लूज या गीतप्रकाराच्या नेहमीच्या बारा मात्रागटांच्या साच्यात त्याने आठ मात्रागटांचा एक वेगळाच तुकडा मधे घातला आहे, तो संपून मूळ चाल परत येते तेव्हा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटल्याशिवाय राहत नाही. सगळा कडवटपणा शीर्षकात आहे. वादनात तो औषधालाही सापडत नाही. मला स्वतःला हे कोणत्याही शोकगीतापेक्षा अधिक विलक्षण वाटते. त्याच बैठकीत वाजवलेले ‘दीज फूलिश थिंग्ज’ मात्र लक्ष देऊन ऐक. तिथे तो मूळ चाल धड मांडतही नाही, पहिल्या क्षणापासून तिच्या आजूबाजूने, तिला जेमतेम स्पर्श करत स्वतःचेच काही बोलू लागतो.

युद्धाआधीचा प्रसन्न लेस्टर आणि युद्धानंतरचा मोडून पडलेला लेस्टर ही विभागणी फार लोकप्रिय आहे आणि तूही ती जशीच्या तशी उचलली आहेस. ती पूर्ण खोटी नाही, पण सोयीची आहे. १९३६ साली त्याने ‘लेडी बी गुड’मध्ये वाजवलेला सोलो वाऱ्यावर तरंगावा तसा हलका आहे, आणि पुढे त्याचा स्वर जड, सावळा, थकलेला होत गेला, हे खरे. परंतु १९४३ च्या डिसेंबरात, म्हणजे सैन्याची नोटीस हाती पडण्यापूर्वी, त्याने चौघांच्या वृंदात केलेली ध्वनिमुद्रणे ऐकलीस तर तो सावळेपणा तिथेही डोकावताना दिसेल. उलट १९५६ च्या जानेवारीत पियानोवादक टेडी विल्सनसोबत त्याने जे वाजवले आहे त्यातली झेप आणि सफाई मोडलेल्या माणसाची नव्हे. मद्याने आणि आजारपणाने त्याला पोखरले, आणि १९५९ मध्ये वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी तो गेला. त्यात त्या एका वर्षाचा वाटा किती, हे सांगता येत नाही. म्हणून या चार काळांतले एकेक ध्वनिमुद्रण काही न बोलता क्रमाने ऐकव, आणि लष्करी न्यायालयाची हकीकत शेवटी सांग.

ओघात एक सूचना. १९४२ ते १९४४ या काळातील ध्वनिमुद्रणांचा तुटवडा तू सरसकट युद्धाच्या खात्यावर मांडला आहेस. अमेरिकेत त्याचे मोठे कारण १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने मानधनाच्या प्रश्नावर पुकारलेला ध्वनिमुद्रणावरील बहिष्कार हे होते. तेवढे दुरुस्त कर.

वाद्यवृंदप्रमुख ग्लेन मिलर यादीत राहू दे. १५ डिसेंबर १९४४ रोजी इंग्लिश खाडीवर त्याचे विमान नाहीसे झाले, पण तू निवडलेले वादन त्याच्या बऱ्याच आधीचे आहे आणि त्यात पुढच्या अपघाताची चाहूल शोधणे हा आपला भाबडेपणा ठरेल. गिटारवादक जँगो राइनहार्टच्या ‘न्याज’बद्दल तू संयमाने लिहिले आहेस, ते आवडले. जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये, १९४० च्या डिसेंबरात, नाझींनी ज्यांचा छळ मांडला होता त्या रोमा (जिप्सी) समाजातल्या एका माणसाने इतकी निवांत चाल वाजवावी, एवढी वस्तुस्थिती पुरेशी आहे.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या बाबतीत मात्र थोडे खोलात जावे लागेल. ६ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे हिरोशिमावर बॉम्ब पडला त्याच दिवशी, तो अमेरिकी नौदलात दाखल झाला. १९६६ च्या जुलैमध्ये तो जपानच्या दौऱ्यावर गेला आणि नागासाकीत मृतांच्या स्मारकापाशी त्याने प्रार्थना केली. या दौऱ्यातील ‘पीस ऑन अर्थ’विषयी तू लिहितोस की नागासाकी पाहिल्यावर ही चाल त्याच्या मनातून उमटली. तारखा पाहा. टोकियोत ती ११ जुलैला वाजवली गेली आणि पुन्हा २२ जुलैला, आणि नागासाकीची भेट या दोन मैफलींच्या मधली आहे. तेव्हा तो नागासाकीत पाऊल ठेवण्यापूर्वीच ही चाल बरोबर घेऊन आला होता. दोन्ही वादने उपलब्ध आहेत. मधल्या भेटीने वादनात काही बदलले का, हा प्रश्न आता फक्त कानाने सोडवायचा आहे, आणि तुझे टिपण याच प्रश्नावर असावे असे मला वाटते. माझे उत्तर मी मुद्दाम लिहीत नाही.

ज्याचे नाव तुझ्या यादीत नाही आणि असायलाच हवे, तो व्हायोलिनवादक बिली बँग. तो तरुणपणी व्हिएतनाममध्ये लढला, परत आल्यावर दुःस्वप्नांनी त्याची पाठ सोडली नाही, आणि त्या अनुभवाला त्याने आपल्या संगीतात सुमारे तीन दशके हात घातला नाही. २००१ मध्ये ‘व्हिएतनाम: द आफ्टरमाथ’ आले तेव्हा त्याच्या सोबतीला बसलेल्यांपैकी कित्येक वादक त्याच युद्धातून परतलेले होते. त्यातही आक्रोश कमी आणि नाचरा ठेका जास्त आहे. व्हायोलिनमध्ये अधूनमधून त्या देशातल्या पाच स्वरांच्या चालींची वळणे येतात, जणू ज्या मुलखात त्याला मारायला पाठवले होते तिथले सूर त्याच्या कानात तेव्हाच रुजले होते. २००५ च्या पुढच्या अल्बममध्ये तर त्याने व्हिएतनामी गायिका आणि तिथले तंतुवाद्य वाजवणारा कलावंत यांना शेजारी बसवले. युद्धाचा हिशेब किती उशिरा आणि कुठल्या वाटेने निघतो, हे तुला एखाद्याला ऐकवायचे असेल तर हे दोन अल्बम एकामागोमाग लाव. ते बाकीच्यांच्या शेवटी ठेव, कारण इथे चरित्र आणि वादन खरोखर एकत्र आले आहेत आणि इथे तुझे ते वाक्य लिहिण्याला माझी हरकत नाही.

नवी टिपणे झाली की पाठव. कोल्ट्रेनची दोन्ही वादने मात्र एका बैठकीत ऐकू नकोस. प्रत्येक पंचवीस मिनिटांच्या आसपास आहे, आणि दुसऱ्या वेळी थकलेला कान आपल्याला हवे तेच ऐकतो.

तुझा हितचिंतक