बीएस्सी केमिस्ट्रीत सेवा-शिक्षण कसं बसवायचं?

तुम्ही विचारलंय, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) असताना हे वेगळं कशाला? एनएसएस १९६९ पासून आहे, वर्षाला १२० तास. काम चांगलंच, पण त्याचा पेपरशी संबंध नसतो. सेवा-शिक्षणात त्या कामातूनच अभ्यासक्रम शिकवायचा असतो.

पाण्याचं काठिण्य, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, मोजायचं ईडीटीए टायट्रेशन तसंही प्रॅक्टिकलला आहेच ना? मग लॅबमधल्या तयार द्रावणाऐवजी जवळच्या गावातल्या विहिरी-बोअरचं पाणी आणा. लालसर रंग जाऊन निळा आला की ब्युरेटचं रीडिंग घ्यायचं, त्यावरून काठिण्य काढायचं. भारतीय मानकात मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. पाणी कुणाच्या घरचं हे माहीत असलं की मुलं रीडिंग 'जमवत' नाहीत (जमवतात, हे आपल्याला ठाऊक आहे).

निकाल मात्र ग्रामपंचायतीत जाऊन साध्या मराठीत समजावायला लावा. गुण त्याला आणि लेखी टिपणाला द्या, हजेरीच्या तासांना नको. सत्र सुरू होण्याआधीच सरपंचांना विचारा. त्यांना कदाचित काठिण्यापेक्षा नायट्रेटची काळजी असेल. एकच गाव धरा, पुढच्या बॅचलाही तेच.